पडदा ओळख मागतो तेव्हा : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

‘चित्रपट लावला की पडदा काळा होतो, बातम्या मात्र दिसतात’ या तक्रारीला मागील अंकात या सदरातून चार ओळींचे उत्तर दिले होते. त्यानंतर आलेली पत्रे वाचल्यावर त्या चार ओळी अपुऱ्या होत्या हे लक्षात आले. या वेळी नाशिकहून आलेल्या पाच पत्रांना सविस्तर उत्तरे देत आहे. त्यांपैकी अंबडच्या एका अभियंत्याच्या पत्राला सर्वाधिक जागा दिली आहे, कारण बाकीच्या चारही पत्रांतील अडचणींचे मूळ शेवटी त्याने विचारलेल्या गोष्टींपाशी पोहोचते.

प्रश्न : मुलाने आणलेला नवा प्लेअर आम्ही जुन्या ॲम्प्लिफायरमधून टीव्हीला जोडला आहे. पैसे भरून घेतलेला चित्रपट लावला की मधूनमधून चित्र क्षणभर जाते आणि कधी पडदा पूर्ण काळा होतो. नातवंडांचे घरी काढलेले व्हिडिओ मात्र एकदाही अडत नाहीत. टीव्ही बिघडला असे समजावे का? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : टीव्ही बिघडला असण्याची शक्यता कमी आहे, आणि तुमच्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्यच त्याचा पुरावा आहे. पडदा सदोष असता तर घरचे व्हिडिओही अडले असते. निर्मात्याने नक्कल होऊ नये म्हणून संरक्षित केलेली चित्रेच अडत असतील, तर अडथळा एचडीसीपी नावाच्या व्यवस्थेत आहे. इंटेल कंपनीने विकसित केलेल्या या व्यवस्थेची पहिली आवृत्ती 2000 साली आली. प्लेअरपासून टीव्हीपर्यंतच्या केबलमधून जाणारे चित्र कूटबद्ध करून पाठवायचे आणि समोरचे उपकरण अधिकृत आहे अशी खात्री पटल्यावरच ते पाठवायचे, एवढाच तिचा हेतू आहे. ही खात्री एकदाच करून भागत नाही. चित्र सुरू असताना साधारण दर दोन सेकंदांनी दोन्ही उपकरणे आपापल्या हिशेबातील एक अंक जुळवून पाहतात. तो जुळला नाही की ओळखीची सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून होते आणि तेवढा वेळ पडदा रिकामा राहतो.

तुमच्या जोडणीत मध्ये ॲम्प्लिफायर आहे. तो प्लेअरकडून चित्र घेतो, त्यातला आवाज वेगळा काढतो आणि चित्र टीव्हीकडे पुढे पाठवतो, म्हणजे त्याला दोन्ही बाजूंना ओळख पटवावी लागते. आधी प्लेअर थेट टीव्हीला जोडून एक संपूर्ण चित्रपट पाहा. तो अखंड चालला तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या दोन केबलपैकी एकीत आहे. मग टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरकडे परत नेणारी वेगळी जोडणी वापरता येते. ‘एआरसी’ असे लिहिलेले छिद्र दोन्ही उपकरणांवर आहे का ते पाहा. टीव्ही बदलण्याचा खर्च त्याआधी करू नका.

प्रश्न : आमची लहान कंपनी सभागृहांसाठी आणि माहितीफलकांसाठी लिनक्सवर चालणारे व्हिडिओ प्लेअर तयार करते. चिपमध्ये एचडीसीपीच्या किल्ल्या परवानाधारक निर्मात्याने आधीच भरलेल्या असून ग्राफिक्स ड्रायव्हरमधील ओळख पटवण्याचा भाग मी लिहीत आहे. टेबलावरच्या तीन मॉनिटरवर ओळख लगेच पटते. चौथ्यावर पहिल्या प्रयत्नात उत्तर जुळत नाही, दुसऱ्यात जुळते. मध्ये स्विच आला की कधीकधी पाच सेकंदांनंतर सारे फसते. केबल काढली तरी आमच्या नोंदीत ‘संरक्षण सुरू’ असेच दिसत राहते, आणि एकदा केबल काढताना संपूर्ण यंत्रच गोठले. नव्या 2.2 आवृत्तीत तर काही टीव्हींवर अंतर तपासण्याची पायरीच पार होत नाही. आमचे वरिष्ठ म्हणतात की एकदा ओळख पटली की पटली असे धरावे आणि पुढे जावे. आपले मत काय? (एक अभियंता, अंबड औद्योगिक वसाहत)

उत्तर : तुमच्या वरिष्ठांचा अनुभव माझ्यापेक्षा अधिक असेल, पण या एका बाबतीत त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. ड्रायव्हरचे, म्हणजे चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे, काम ओळख पटवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या क्षणी ओळख पटलेली आहे की नाही हे वरच्या प्लेअरला, म्हणजे चित्र लावणाऱ्या प्रोग्रॅमला, खरे सांगण्याचे आहे. तुम्ही मांडलेल्या अडचणी वेगवेगळ्या दिसतात, पण त्या एकतर वेळ चुकीची मोजल्याने किंवा स्थिती चुकीची सांगितल्याने झालेल्या आहेत. त्यामुळे एकेक घेऊ.

चौथ्या मॉनिटरपासून सुरुवात करतो. एचडीसीपीच्या 1.4 आवृत्तीत प्रत्येक उपकरणाजवळ 56 बिटांच्या 40 गुप्त किल्ल्या, म्हणजे गुप्त संख्या, असतात आणि केएसव्ही नावाचा 40 बिटांचा एक उघड ओळखक्रमांक असतो, ज्यात बरोबर 20 एक आणि 20 शून्ये असतात. तुमचा ड्रायव्हर 64 बिटांची एक यादृच्छिक संख्या आणि आपला केएसव्ही समोर लिहितो आणि समोरच्याचा केएसव्ही वाचतो. मग प्रत्येक बाजू दुसऱ्याच्या केएसव्हीत जिथे एक आहे तेवढ्या 20 जागांवरच्या आपल्या किल्ल्यांची बेरीज करते. दोन्ही बाजूंची बेरीज सारखीच येते, आणि त्या सामायिक गुपितावरून निघालेले 16 बिटांचे उत्तर ड्रायव्हर समोरून वाचून आपल्या उत्तराशी पडताळतो.

या उत्तरासाठी विनिर्देशाने 100 मिलिसेकंद दिलेले आहेत आणि त्याआधी ते वाचायचे नसते. येथे दोन गोष्टी नीट समजून घ्या. ही मुदत केएसव्हीचा शेवटचा बाइट समोर पोहोचल्यापासून मोजायची, कारण समोरच्या उपकरणाची आकडेमोड त्या बाइटनेच सुरू होते. यादृच्छिक संख्या केएसव्हीच्या आधी लिहिलेली असावी लागते तीही याच कारणाने. दुसरे असे की 100 मिलिसेकंदांत उत्तर तयार ठेवणे हे मॉनिटर बनवणाऱ्यांचे कर्तव्य असले तरी बाजारातले काही मॉनिटर त्याहून हळू आहेत. लिनक्समधील इंटेलच्या ड्रायव्हरने हे ओळखून सरळ 300 मिलिसेकंदांची मुदत ठेवली आहे, आणि तसे का केले हे कोडमधील टिपणीत लिहून ठेवले आहे. तुमचा चौथा मॉनिटर याच हळू मंडळींपैकी असणार असा माझा अंदाज आहे. डिस्प्लेपोर्ट प्रकारच्या जोडणीवर ‘उत्तर तयार आहे’ असे सांगणारा एक बिट मिळतो, एचडीएमआय जोडणीवर तो नाही, म्हणून एचडीएमआयवर वाट पाहण्याखेरीज उपाय नाही. उत्तर जुळले नाही तर तीन वेळा प्रयत्न करणे योग्य आहे. मात्र तिसऱ्यांदाही जुळले नाही तर ते अपयशच धरावे आणि तसेच सांगावे.

आणखी एक सावधगिरी सुचवतो. समोरून आलेल्या केएसव्हीत ‘एक’ हा अंक किती वेळा येतो ते मोजा. असे ‘एक’ 20 नसतील तर तारेवर काहीतरी बिघडले आहे आणि पुढची सगळी आकडेमोड व्यर्थ आहे. पुन्हा एकदा वाचा, तरीही 20 आले नाहीत तर थांबा. एचडीएमआयमध्ये हे सगळे बोलणे ज्या डीडीसी तारांवरून होते त्याच तारांवरून मॉनिटरची माहिती, म्हणजे ईडीआयडी, वाचली जाते. ड्रायव्हरचा एक भाग ईडीआयडी वाचत असताना दुसरा भाग मध्येच ओळखीची देवाणघेवाण करू लागला तर असा चुकीचा केएसव्ही हमखास हाती लागतो. त्या तारांवर एका वेळी एकालाच बोलू देणारे कुलूप तुमच्याकडे आहे ना, हे आधी तपासा.

स्विच मध्ये आल्यावर होणारे अपयश वेगळे आहे. स्विच स्वतः मध्यस्थ आहे असे त्याच्या क्षमतांच्या नोंदीतील एक बिट सांगतो. तसे असेल तर ओळखीचा दुसरा टप्पा सुरू होतो. स्विचने आपल्या पलीकडील सर्व उपकरणांशी ओळख पूर्ण करून त्यांच्या केएसव्हींची यादी 5 सेकंदांत तयार ठेवायची असते. पलीकडचा प्रोजेक्टर नुकताच चालू झाला असेल तर हे 5 सेकंद सहज निघून जातात, आणि तुमच्या पत्रातील ‘पाच सेकंदांनंतर’ हे शब्द वाचताच मला याची शंका आली. ड्रायव्हरने येथे संपूर्ण 5 सेकंद थांबावे, ठरावीक अंतराने तयारीचा बिट पाहावा, आणि मुदत संपली तर सारे नव्याने सुरू करावे. यादी आली की ती 127 उपकरणांपेक्षा मोठी किंवा सात पातळ्यांपेक्षा खोल असल्याची खूण स्विचने केली आहे का ते पाहावे, यादीतील एकही केएसव्ही रद्द केलेल्यांच्या सूचीत नाही याची खात्री करावी, आणि एसएचए-1 पद्धतीने काढलेला 160 बिटांचा गोषवारा समोरच्याशी जुळवावा. एचडीएमआयवर ही यादी एकाच सलग वाचनात घ्यावी लागते. प्रत्येकी 5 बाइट धरले तर मोठ्यात मोठी यादी 635 बाइटची होते आणि 100 किलोहर्ट्झच्या डीडीसीवर ती वाचायला सुमारे 57 मिलिसेकंद पुरतात, म्हणून ती तुकड्यांत वाचण्याचा मोह धरू नये. डिस्प्लेपोर्टवर मात्र 15 बाइटच्या खिडकीतून एका वेळी तीनच केएसव्ही दिसतात, तेथे तुकडे अटळ आहेत. हे दोन मार्ग एकाच फंक्शनमध्ये कोंबू नका.

आता केबल काढल्यावरही ‘सुरू’ दिसण्याविषयी. तुमच्या वरिष्ठांचे ‘पटली की पटली’ हे धोरण नेमके येथेच नडते. लिनक्सच्या ग्राफिक्स यंत्रणेत प्रत्येक जोडणीला ‘कंटेंट प्रोटेक्शन’ नावाचा एक गुणधर्म असतो. 2018 साली आलेल्या या गुणधर्माची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. त्याची मूल्ये तीन आहेत : संरक्षण नको, संरक्षण हवे, आणि संरक्षण लागू आहे. वरचा प्लेअर त्यांपैकी फक्त पहिली दोन लिहू शकतो. ‘लागू आहे’ हे मूल्य लिहिण्याचा अधिकार केवळ कर्नलला, म्हणजे ड्रायव्हर ज्याचा भाग असतो त्या लिनक्सच्या गाभ्याला, आहे. इच्छा व्यक्त करणारा एक आणि वस्तुस्थिती सांगणारा दुसरा, अशी ही स्पष्ट वाटणी आहे. केबल निघाली, मॉनिटर झोपला, दर 128 फ्रेमनंतरची पडताळणी चुकली किंवा पलीकडचे उपकरण बदलले, की कर्नलने मूल्य ‘लागू आहे’ वरून ‘हवे’ वर आणायचे, तसा संदेश वर पाठवायचा आणि शक्य होईल तेव्हा पुन्हा प्रयत्न करत राहायचे. ते मूल्य ‘नको’ वर नेऊ नये, कारण इच्छा प्लेअरची होती आणि ती त्याने मागे घेतलेली नाही.

तुमच्या ड्रायव्हरने ही घसरण कळवली नाही तर प्लेअर संरक्षित चित्रे उघड्या तारेवर पाठवत राहील आणि ज्या करारावर तुमच्या चिपनिर्मात्याला किल्ल्या मिळाल्या त्याचा भंग होईल. याच्या उलट चूकही तितकीच वाईट. संरक्षण तुटले म्हणून ड्रायव्हरनेच संपूर्ण पडदा काळा केला, तर सभागृहातील सूचना, घड्याळ, वक्त्याचे नाव हे सगळे विनाकारण नाहीसे होते. काय दाखवावे हे प्लेअरने ठरवावे. सातपूरला काम करत असताना मी स्वतः लिहिलेल्या एका ड्रायव्हरमध्ये ही दुसरी चूक केली होती. पाहुण्यांसमोर फलक पूर्ण विझला आणि दोन दिवस आम्ही केबल बदलत बसलो, कारण काय बिघडले हे सांगणारा एकही संदेश मी वर पाठवलेला नव्हता. ते दोन दिवस मला अजून आठवतात, म्हणूनच एवढ्या आग्रहाने लिहीत आहे.

नियमित पडताळणीचे अंतर कसे ठरवावे हेही तुम्ही ओघात विचारले आहे. प्रत्येक 128 फ्रेमनंतर उत्तर बदलते. सेकंदाला 60 फ्रेम असतील तर तो काळ दोन सेकंदांहून किंचित जास्त होतो. कर्नलमध्ये त्यासाठी 128 गुणिले 16, म्हणजे 2048 मिलिसेकंदांचा स्थिरांक आहे. एचडीएमआयवर ही पडताळणी तुमच्या ड्रायव्हरने जाऊन करायची. डिस्प्लेपोर्टवर ती मॉनिटर स्वतः करतो आणि बिघाड दिसला की ‘व्यत्यय’ नावाचा तातडीचा इशारा पाठवून कळवतो. तो व्यत्यय दुर्लक्षित करणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. तेथे दोष मॉनिटरचा आहे अशी समजूत होऊन विनाकारण मॉनिटर परत पाठवले जातात.

यंत्र गोठण्याचे कारण तुमच्या पत्रासोबतच्या कोडच्या तुकड्यात मला दिसले. नियमित पडताळणी करणारे काम एक कुलूप घेऊन चालते. केबल निघाली की तुमचे बंद करणारे फंक्शन तेच कुलूप आधी घेते आणि ते हातात ठेवूनच पडताळणीचे काम पूर्णपणे थांबेपर्यंत वाट पाहते. ज्या क्षणी पडताळणी सुरू असेल त्या क्षणी केबल निघाली तर ती कुलपाची वाट पाहते आणि तुम्ही तिची वाट पाहता, मग दोघेही हलत नाहीत. कुलूप घेऊन स्थिती बदला, कुलूप सोडा आणि त्यानंतरच काम थांबण्याची वाट पाहा. पडताळणीनेही कुलूप मिळाल्यावर ‘संरक्षण अजून हवे आहे का’ हे सर्वांत आधी विचारावे. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये हाच क्रम आहे.

2.2 आवृत्तीतील अंतरतपासणीबद्दल. ही आवृत्ती 2012 सालची असून तिच्यात जुन्या बेरजांचा मागमूसही नाही. मॉनिटर 522 बाइटचे स्वाक्षरीयुक्त प्रमाणपत्र पाठवतो, त्यातील 1024 बिटांच्या आरएसए किल्लीने तुमची बाजू एक गुपित बंद करून पाठवते आणि चित्र 128 बिटांच्या एईएसने कूटबद्ध होते. पहिल्या भेटीत मॉनिटरला उत्तरासाठी 1 सेकंद मिळतो. आधीची ओळख साठवलेली असेल तर 200 मिलिसेकंदच मिळतात, म्हणून साठवण नीट करा, त्यामुळे वापरणाऱ्याला फरक जाणवतो. त्यानंतर समोरचे उपकरण खरोखर जवळ आहे का हे पाहण्यासाठी एक संख्या पाठवली जाते आणि तिचे उत्तर एचडीएमआयवर 20 मिलिसेकंदांच्या आत हाती यावे लागते. तुम्ही येथे ‘एमस्लीप’ वापरून 10 मिलिसेकंद झोपता आणि मग वाचता असे लिहिले आहे. कर्नलची घड्याळगती सेकंदाला 100 ठोक्यांची असेल तर 10 मिलिसेकंदांसाठी झोपलेले काम 20 मिलिसेकंदांनी जागे होऊ शकते, आणि कर्नलच्या जुन्या दस्तऐवजातही 20 मिलिसेकंदांपर्यंतच्या झोपेसाठी हे फंक्शन वापरू नका असे म्हटले होते. मॉनिटरने वेळेत दिलेले उत्तर तुम्ही वेळेत उचलले नाही, एवढाच याचा अर्थ. मायक्रोसेकंदांची मर्यादा देणारे झोपेचे फंक्शन वापरा आणि समोरचा स्थितिदर्शक रजिस्टर वरचेवर पाहत राहा. उत्तर स्वतः 33 बाइटचे असल्याने ते आणायलाच सुमारे 3 मिलिसेकंद जातात, हेही हिशेबात धरा. ही तपासणी चुकली तर तेवढीच पायरी पुन्हा करता येते, सगळे पहिल्यापासून करण्याची गरज नाही.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत गंभीर बाब तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या कोडमध्ये ती आहे. 2.2 अपयशी ठरली की तुमचा ड्रायव्हर निमूटपणे 1.4 वर उतरतो आणि ‘लागू आहे’ असे कळवतो. सामान्य आशयासाठी हे चालते. पण ज्या आशयावर ‘प्रकार 1’ अशी खूण आहे तो 1.4 च्या उपकरणाकडे पाठवण्यास मनाई आहे. प्लेअरने प्रकार 1 मागितला असेल तर उतरू नका, मूल्य ‘हवे’ वरच ठेवा.

प्रश्न : लिनक्सचा कोड कोणीही वाचू शकतो. मग त्यात लपवलेल्या किल्ल्या गुप्त कशा राहतात? (एक निवृत्त कर्मचारी, नाशिकरोड)

उत्तर : किल्ल्या त्या कोडमध्ये नसतातच. आपण नाशिकरोडचे आहात, म्हणून जवळचेच उदाहरण देतो. प्रेसच्या फाटकावर ये-जा नोंदवणाऱ्या माणसाला आत नोट कशी छापतात हे ठाऊक असण्याची गरज नसते. त्याने मोहोरबंद पेटी आत-बाहेर जाऊ द्यायची आणि नोंद करायची. ड्रायव्हरचे स्थान तेच आहे. 1.4 आवृत्तीत गुप्त किल्ल्या चिपच्या आतच राहतात. इंटेलच्या चिपमध्ये तर आपला केएसव्हीसुद्धा यंत्रभाग स्वतः तारेवर लिहितो, ड्रायव्हर फक्त ‘आता लिही’ असे सांगतो. 2.2 आवृत्तीत प्रमाणपत्र तपासणे आणि गुपित तयार करणे ही कामे चिपमधील वेगळ्या सुरक्षित प्रोसेसरवर होतात. ड्रायव्हर मॉनिटरचा निरोप त्या प्रोसेसरकडे नेतो आणि त्याचे उत्तर मॉनिटरकडे आणतो. म्हणून ड्रायव्हरचा कोड उघडा ठेवण्यात काहीच धोका नाही, उलट अनेकांच्या नजरेखालून गेल्याने वर सांगितलेल्या गोठण्यासारख्या चुका लवकर सापडतात.

प्रश्न : 1.4 ची मूळ किल्ली फार पूर्वी फुटली असे मी ऐकले. तसे असेल तर ड्रायव्हर लिहिणारे अजून तिच्यासाठी एवढे कष्ट का घेतात? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पंचवटी)

उत्तर : ऐकले ते खरे आहे. सप्टेंबर 2010 मध्ये ज्या मूळ तक्त्यावरून सर्व उपकरणांच्या किल्ल्या काढल्या जातात तो इंटरनेटवर प्रसिद्ध झाला आणि तो खरा असल्याचे इंटेलने त्याच महिन्यात मान्य केले. मात्र हे होऊ शकते असे संशोधकांनी 2001 सालीच दाखवून दिले होते, आणि त्यामागचे गणित तुम्हाला नक्की आवडेल. सामायिक गुपित हे केवळ निवडक किल्ल्यांच्या बेरजेने बनते, म्हणजे सगळा संबंध रेषीय आहे. दहावीला आपण दोन समीकरणांवरून दोन अज्ञात राशी काढतो. येथे अज्ञात राशींची संख्या मोठी असली तरी परस्परांपासून स्वतंत्र केएसव्ही असलेल्या सुमारे 40 उपकरणांच्या किल्ल्या हाती आल्या की समीकरणे पुरेशी होतात आणि मूळ तक्ता उलगडतो. एकदा तो उलगडला की कोणताही वैध दिसणारा केएसव्ही घडवता येतो, त्यामुळे रद्द उपकरणांची सूचीही त्याला आवर घालू शकत नाही. 2.x आवृत्त्यांत बेरजा सोडून आरएसए आणि एईएस स्वीकारले ते हा दोष आधीच ज्ञात होता म्हणून.

तरीही 1.4 साठी कष्ट घ्यावे लागतात याचे कारण लोकांच्या घरांत आणि वर्गखोल्यांत आहे. ज्या टीव्हीला दुसरी भाषाच येत नाही त्याच्याशी ड्रायव्हरला 1.4 मध्येच बोलावे लागते. ते बोलणे नीट झाले नाही तर नक्कल करणाऱ्याचे काहीच बिघडत नाही आणि पैसे भरून चित्रपट पाहणाऱ्याचा पडदा मात्र काळा होतो. व्यवस्थेचा हा भार प्रामाणिक प्रेक्षकावर पडतो हे मला मनापासून खटकते, आणि ड्रायव्हर काळजीपूर्वक लिहिणे एवढाच तो भार हलका करण्याचा मार्ग आपल्या हाती आहे.

प्रश्न : आमच्या व्याख्यानमालेत लॅपटॉपचे चित्र स्प्लिटरमधून प्रोजेक्टरकडे आणि ध्वनिचित्रमुद्रण करणाऱ्या पेटीकडे जाते. वक्त्यांच्या स्वतःच्या स्लाइडसुद्धा मुद्रणात काळ्या येतात. बाजारात ‘हा स्प्लिटर लावा, एचडीसीपी निघून जाते’ असे सांगून एक वस्तू देऊ करत आहेत. ती घ्यावी का? (कार्यवाह, सिडको)

उत्तर : ती घेऊ नये. कॉपीराइट कायदा 1957 मध्ये 2012 साली कलम 65अ घालण्यात आले. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असे संरक्षण चुकवणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंडाची तरतूद आहे. वक्त्याच्या परवानगीने त्याच्याच स्लाइड मुद्रित करण्यात तुमचा तसा हेतू नाही हे मान्य, पण ती वस्तू एकदा सभागृहात आली की पुढे तिच्यातून काय जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. शिवाय तिची गरजही नाही.

मुद्रण करणारी पेटी एचडीसीपीची ओळख देत नाही, म्हणून संरक्षण सुरू असलेले कोणतेही चित्र तिला काळेच दिसते. प्रश्न असा की स्लाइडसाठी संरक्षण सुरू कोणी केले? लॅपटॉपचा ड्रायव्हर नीट लिहिलेला असेल तर कोणी मागितल्याशिवाय तो संरक्षण सुरू करत नाही, आणि मागणारे सहसा चित्रपट दाखवणारे एखादे ॲप असते. लॅपटॉपवर तसे ॲप किंवा ब्राउझरमधील तशी खिडकी पार्श्वभूमीत उघडी आहे का ते पाहा, सर्व बंद करा, केबल काढून पुन्हा लावा आणि मग फक्त स्लाइड सुरू करा. सादरीकरण लॅपटॉपऐवजी सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्हीला लावायच्या पेटीतून होत असेल तर ती बदला, कारण अशा अनेक पेट्या मुख्य पानासाठीही संरक्षण सतत चालू ठेवतात. इतके करूनही मुद्रण काळेच आले तर लॅपटॉपची दृश्य-ड्रायव्हरची आवृत्ती, स्प्लिटरचे मॉडेल आणि जोडणीचा क्रम मला लिहून कळवा. पुढचे व्याख्यान होण्याआधी उत्तर पाठवीन.